डोंगराला मान कुठून आणलीत?

निबंधात कुठे वारा कुजबुजला की पाटणकर मास्तर समासात तांबड्या पेन्सिलीने लिहीत, 'काय म्हणाला?' दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी कर्जतच्या शाळेत नवा शिक्षक होतो, आणि ते तिथले मराठीचे जुने मास्तर.

त्याच सुमारास खालापूरच्या एका मुलीचं लग्न पुण्याला ठरलं. तिच्यावर माझा जीव होता. ही गोष्ट मी तिला सोडून बाकी सगळ्या सृष्टीला सांगितली. माझ्या कवितेत उल्हास नदी हुंदके देत होती, माथेरानचा डोंगर मान खाली घालून उभा होता. दाद मिळेल या भ्रमात वही मास्तरांपुढे ठेवली.

"डोंगराला मान कुठून आणलीत?"

"चेतनगुणोक्ती आहे, मास्तर. निर्जीवाला सजीव मानायचं."

"ते मी वीस वर्षं शिकवतोय. इथे नदी रडते, डोंगर झुरतो. तुम्ही कुठे आहात? मुलीशी बोललात कधी?"

"नाही."

"मग त्या गरीब नदीला का राबवता?"

वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. मनात मात्र एक झणझणीत उत्तर घोटत होतो.

मग त्यांच्या पत्नी तापाने गेल्या. दिवस झाल्यावर भेटायला गेलो, तर धुणंभांडी करणारी सखूबाई दारातच म्हणाली, "मागल्या दारी हायत. कालपास्नं जेवलं नाय. अबोलीशी बोलत्यात."

परसात काकूंनी लावलेल्या अबोलीपुढे मास्तर उकिडवे बसले होते.

"आज कशाला एवढी फुललीस गं? माळणारी गेली, कळलं नाही का तुला? छान दिसतेस, असं मी तिला कधी म्हटलं नाही. तू रोज तिच्या केसांत असायचीस. माझ्याबद्दल काही बोलायची का ती?"

माझं उत्तर जिभेवर आलं आणि तिथेच विरलं. पाऊल वाजलं तसे ते वळले.

"ऐकलंत?"

"हो."

"कुणाच्या कवितेत असतं तर खोडलं असतं मी." त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "पण हिला सांगून बरं वाटतं. निदान मधेच चुका काढत नाही. तिचं बोलणं मी एकदाही पुरं ऐकून घेतलं नाही हो."

मी घरात गेलो. आत शेजारून आलेला भात झाकून ठेवलेला होता. तो दोन पानांत वाढला आणि मास्तरांना हाक मारली.