साहेबांच्या गाडीवरच्या कुरडया

आज मुसाफ्फाजवळच्या लेकाच्या घरी कुरडई तेलात फुलली, आणि त्या वासानं मला थेट शारजातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये नेलं. ह्यांच्या आर्किटेक्ट साहेबांनीच ती उभारलेली. साहेब पुण्याचे. एकदा सकाळी चहाला आले आणि गॅलरीची सिमेंटची जाळी अभिमानानं दाखवत म्हणाले, "वहिनी, वाळवंटात राहता, पण घरात उन्हाचा कवडसा नाही!"

"तीच तर पंचाईत!" मी म्हटलं. "गव्हाचा चीक शिजून तयार आहे, गच्चीला कुलूप. कुरडया घालू कुठे? उद्यापर्यंत सगळं आंबेल."

ह्यांनी डोळे वटारले. मला वाटलं, गेली ह्यांची नोकरी! आता आठवलं की हसू आवरत नाही. कारण साहेब जाळीतून खाली बघत होते, आणि खाली भर उन्हात त्यांचीच पांढरी गाडी तापत होती.

बॉनेटवर धुतलेली चादर अंथरून मी सोऱ्या दाबला. साहेब टॅक्सीनं निघाले.

"वहिनी, वाळल्या की निरोप द्या. गाडी न्यायला येतो."