लिम आंटीचा राजीनामा

चांगी विमानतळाच्या चकचकीत फरशीवर माझ्या चपलेला लागलेली पुण्याची माती पडली आणि मी ती रुमालानं पुसायला वाकले. जावई हसले. म्हणाले, "आई, इथे मातीला दंड नाही." मला ते खरं वाटेना. येताना विमानात शेजारच्या बाईनं दंडांची अशी यादी ऐकवली होती, की शिंकायचीसुद्धा धास्ती बसली होती. हे २००२ सालचं.

मेघना, माझी मुलगी, आणि निखिलराव आंग मो किओमध्ये सरकारी वसाहतीतल्या एका फ्लॅटमध्ये भाड्यानं राहत होते. घर आठव्या मजल्यावर आणि लिफ्ट थांबणार फक्त सहाव्या आणि अकराव्यावर. उरलेले मजले पायांनी. दुसऱ्याच दिवशी मी एकटी खाली जाऊन आले आणि परतताना चुकून अकराव्यावर उतरले. सगळी दारं सारखी, सगळ्या दारांपुढे सारख्याच चपला. मी एका दाराला किल्ली लावून खटपट करू लागले तेव्हा आतून कुत्रं भुंकलं.

"आंटी, राँग फ्लोअर लाह," मागून कुणीतरी इथल्या लकबीत म्हणालं. आखूड केसांची, माझ्याच वयाची चिनी बाई होती. तिनं मला हाताला धरून तीन मजले खाली आणून घरी सोडलं. ती लिम आंटी, आमच्याच मजल्यावरची. मेघनानं सांगितलं, ती निखिलरावांच्याच कारखान्यात काम करते. निखिलराव तिथे उत्पादनाचं नियोजन बघत आणि लिम आंटी बावीस वर्षं तिथल्या जुळणीच्या लाइनवर संगणकाचे भाग जोडत होती.

मग आमचं जमलंच. मीही पुण्याजवळच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं भिंगाखाली रेडिओचे भाग जोडले होते. युनियनच्या कमिटीवर होते. एक मेला गेटवर शिकागोच्या कामगारांची गोष्ट सांगायची पाळी दरवर्षी माझीच. आठ तासांच्या दिवसासाठी माणसं फासावर गेली, हे सांगताना माझा आवाज कधी कापला नाही. लिम आंटीला मी हे कसंबसं सांगितलं. तिनं मान हलवली आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या दाखवल्या. भिंगाखाली वर्षानुवर्षं काम केलेल्या बायकांना त्या पडतात, मलाही आहेत.

सकाळी ती मला खाली हॉकर सेंटरला (खाण्याच्या गाळ्यांची मोठी शेड) न्यायची. तिथली कोपी (आटवलेल्या दुधाची दाट कॉफी) आणि काया (नारळाचा गोड लेप) लावलेला पाव. कायामध्ये अंडं असतं हे मला चार तुकडे पोटात गेल्यावर कळलं. मग पाचवाही खाल्ला.

मेघनानं मला लिटिल इंडियात नेलं, तिथे कढीपत्ता आणि मोगऱ्याचे गजरे बघून जीव जरा भांड्यात पडला. रॅफल्स प्लेसच्या उंच इमारतींखाली टाय लावलेली माणसं उभ्याउभ्याच जेवण उरकत होती. मेघना म्हणाली, हल्ली कुणी रजाच घेत नाही, परत येईपर्यंत खुर्ची राहील की नाही याची खात्री नसते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिच्या घरातही फोन वाजला की दोघं आधी एकमेकांकडे बघतात.

मंगळवारी जेवताना निखिलरावांनी आमटीत नुसताच चमचा फिरवला. मग म्हणाले, "लाइन चीनला जातेय. शुक्रवारी सकाळी कमी करायच्या लोकांची यादी वाचणार. सगळी लाइन."

"लिम आंटी?" मी विचारलं.

"सगळी लाइन म्हटलं ना, आई. आणि हे या दाराबाहेर जाता कामा नये. माझा इथे राहायचा पास कंपनीच्या नोकरीवर आहे, मेघनाचा माझ्यावर. बातमी फुटली आणि माझं नाव आलं, तर महिनाभरात गाशा गुंडाळावा लागेल."

मी मान हलवली.

बुधवारी कोपी पिताना लिम आंटी मजेत होती. तिच्या बहिणीनं एका इस्पितळात तिच्यासाठी शब्द टाकला होता. ऑपरेशनची हत्यारं धुऊन मांडायचं काम. उद्यापर्यंत कळवायचं होतं आणि ती नाही म्हणणार होती. "ट्वेंटी-टू इयर," ती म्हणाली. "व्हाय गो?"

आमचा कारखाना बंद पडला तेव्हा शहाण्या बायका आधीच राजीनामे देऊन, आपापला हिशेब घेऊन बाहेर पडल्या होत्या. आम्ही लढाऊ बायका मांडव घालून गेटवर बसलो, सव्वा वर्ष, आणि हाती धुपाटणं आलं. साहेबांना सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे नंतर कळलं. मी त्यांना किती शिव्या घातल्या होत्या. आता ठाऊक असणारी मी होते.

"टेक," मी म्हणाले. "हॉस्पिटल टेक. फॅक्टरी गुड नाही. टुडे रिझाइन."

तिनं का म्हणून विचारलं नाही. कोपी अर्धी टाकून उठली.

शुक्रवारी निखिलराव दुपारीच घरी आले. त्यांची नोकरी शाबूत होती. यादी शांतपणे वाचली गेली, कुणी आवाज चढवला नाही. प्रत्येकीला जितकी वर्षं नोकरी, तितक्या महिन्यांचा पगार हातावर मिळाला.

"फक्त लिम आंटीला काही नाही," ते म्हणाले. "काल तिनं राजीनामा दिला. एक दिवस थांबली असती तर बावीस महिन्यांचा पगार मिळाला असता. ऑफिसात आता चौकशी चाललीय, बातमी फुटली कशी."

ते आंघोळीला गेल्यावर मी मेघनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, कुणाला काही बोलू नकोस. निखिललासुद्धा नाही."

पुढचे चार दिवस मी चोरासारखी राहिले. लिम आंटीशी गाठ नको म्हणून अकराव्यावर उतरून मागच्या जिन्यानं घरी यायची. दाराची घंटी वाजली की ऑफिसचा माणूस आला असं वाटायचं. ती ऑफिसात जाऊन एवढंच म्हणाली असती, की मला शेजारच्या इंडियन आंटीनं सांगितलं, तर बातमी कंपनीच्या माणसाकडूनच फुटली म्हणून तिचे पैसे कदाचित मिळालेही असते. माझ्या मुलीचं घर मात्र उठलं असतं. मी देवाजवळ मागत होते, की तिनं बोलू नये. माझी मलाच शरम वाटत होती.

निघायच्या सकाळी ती आली. निखिलराव खाली टॅक्सी बघायला गेले होते. तिच्या हातात अननसाच्या बिस्किटांचा डबा होता. तो माझ्या हातात देऊन ती मेघनाला म्हणाली, "युवर मदर, शी नो बिफोर, इज इट?"

मेघनानं माझ्याकडे बघितलं. मी मराठीत म्हणाले, "सांग तिला, मला माहीत होतं. तुझं भलं व्हावं म्हणून बोलले, आणि चुकलं. माफी माग माझ्यातर्फे."

मेघना लिम आंटीकडे वळली. इंग्रजीत म्हणाली, "शी सेज नो, आंटी. शी ओन्ली थॉट हॉस्पिटल वर्क इज लाइटर."

एवढं इंग्रजी मला समजतं. सत्तावीस वर्षं गेटवरच्या नोटिसा वाचल्यात मी. लिम आंटी मेघनाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. एक "येस" म्हणायचं होतं फक्त. मेघनाचा हात माझ्या दंडावर होता.

"थँक यू," मी म्हणाले.

"ओके लाह," ती म्हणाली. "सेफ जर्नी." आणि आपल्या दारात जाऊन तिनं चपला नीट जोडून ठेवल्या.

पुण्यात सगळे विचारतात, सिंगापूर कसं आहे? मी सांगते, फार स्वच्छ. या वर्षी एक मेला बायका मला बंद कारखान्याच्या गेटवर बोलवायला आल्या होत्या, शिकागोची गोष्ट सांगायला. मी त्यांना दुसरं कुणी बघा म्हणाले.