कोटवाल्या मामाचं उसनं रक्त

माझा धाकटा मेहुणा कोट बेततो. घरातली पोरंबाळं त्याला कोटवाला मामा म्हणतात, आणि रागावली की त्याची बायकोसुद्धा "अहो कोटवाले" अशीच हाक मारते.

शिवणाऱ्याचं एक बरं असतं, शिवण चुकली तर उसवता येते. बेतणाऱ्याची कात्री चुकली की कापड गेलं! म्हणून त्याच्या दुकानात जुना दंडक आहे. कोटवाल्यानं पँटच्या टेबलाकडे बघायचं नाही, पँटवाल्यानं कोटाच्या. गिऱ्हाईक विचारतं, "पँट कधी मिळेल हो?" मामा मान वर न करता सांगतो, "पँटचं पँटवाल्याला विचारा." उभा जन्म असा गेला. हाच दंडक एकदा त्याच्या मुळावर आला होता.

मामाला साखरेचा आजार जुना. गोळ्या चालू, घरात बोट टोचून साखर बघायचं यंत्रही होतं. दिवसभर उभं राहून गुडघे ठणकायचे, म्हणून दुखण्याच्या गोळ्या तो टेबलाच्या खणात ठेवी आणि कुणाला न विचारता तोंडात टाकी. शेवटी त्या गोळ्यांनी पोटात जखम केली. एका सकाळी रक्ताची उलटी झाली. पांढराफटक पडलेल्या मामाला दवाखान्यात नेलं, पिशव्यांवर पिशव्या रक्त चढवलं, तेव्हा कुठे गडी उठून बसला.

घरी येऊन थोडे दिवस झाले, तर साखरेची तिमाही चाचणी आली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी. एरवी त्याचा आकडा आठाच्या वरच असायचा. या वेळी सहाच्याही खाली! मामा कागद नाचवत माझ्याकडे आला.

"दाजी, पास! पहिल्या वर्गात!"

"डॉक्टरांना दाखवलास का?"

"पास झालेल्या पोरानं मास्तरांच्या घरी कशाला जायचं?"

गोळ्या त्यानं आपल्याच मनानं अर्ध्या केल्या. बोट टोचायचं यंत्र कपाटावर गेलं.

मग मामाला तहान लागायला लागली. तांब्या तोंडाला लावला की रिकामाच खाली ठेवायचा. कोट खांद्यावरून घसरायला लागला. कोटवाल्याचाच कोट ढगळ, म्हणजे बघा! बायको काळजीनं बोलली की हा खिशातून तो कागद काढायचा. "हे वाच. साखर उत्तम आहे."

त्याच सुमारास एका गिऱ्हाइकानं लोकरीचं कापड आणलं. त्याच्या वडिलांनी वर्षानुवर्षं जपलेलं, एकाच कोटापुरतं. वडील गेले होते. मुलीच्या लग्नात त्यांचं कापड अंगावर असावं, एवढीच त्याची इच्छा. "तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही," असं म्हणून तो कापड टेबलावर ठेवून गेला.

मी त्या दुपारी बटण लावून घ्यायला दुकानात गेलो होतो. मामानं कापड अंथरलं, खडूनं रेघ मारली. डोळे चोळले. मग तिच्या शेजारी आणखी एक रेघ मारली आणि कात्री उचलली. मला वाटलं, असेल काही कारागिरी. कात्रीचं पातं कापडाखाली सरकलं.

"कोटवाले, कात्री खाली ठेवा!"

पँटवाला ओरडला होता. दुकानातली सगळी यंत्रं थांबली.

मामा लालबुंद. "तू तुझ्या टेबलाकडे बघ!"

"मी माझ्याच टेबलाकडे बघायचो. पण आज तुम्ही बाहीची रेघ दोनदा मारलीत आणि कापताय तिसरीकडेच."

मामानं कात्री तशीच धरली होती. मग अगदी हळू आवाजात तो मला म्हणाला, "दाजी, मला रेघच दिसत नाहीये."

तिथून त्याला तडक साखरेच्या डॉक्टरांकडे नेलं. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, घरून थेट तिकडेच आली. डॉक्टरांनी बोट टोचलं, आकडा बघितला आणि पुन्हा टोचलं. पाचशेच्या घरात! मामानं कागद पुढे सरकवला. डॉक्टर एकदा यंत्राकडे बघत, एकदा कागदाकडे.

"या दोघांतलं एक खोटं बोलतंय. मधे काही आजारपण?"

"छे. साखरेचं काही नाही."

"दुसरं काही?"

मामानं नकारार्थी मान हलवली.

"अरे, आणि ते पोटाचं?" माझी बायको म्हणाली.

"ताई, ते पोटाच्या डॉक्टरांचं! यांना कशाला?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रक्त चढवलं होतं?"

"भरपूर," मी म्हणालो.

डॉक्टर खवळले, पण समजावून सांगितलं. साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटते. त्या पेशी तीनेक महिने जगतात, म्हणून ही चाचणी तेवढ्या दिवसांचा हिशेब सांगते. मामाच्या पेशी वाहून गेल्या, त्यांच्या जागी लोकांच्या आल्या, शिवाय त्याच्या स्वतःच्या नव्या कोऱ्या. त्यांना साखर चिकटायला वेळ कुठे मिळाला? रक्त कमी असेल, मूत्रपिंड बिघडलं असेल, तरी हा आकडा वर किंवा खाली फसवू शकतो. अशा वेळी बोट टोचूनच बघायचं.

मला आमची शाळा आठवली. साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी गुरुजी आम्हा ढ पोरांना आंब्याखाली बसवत आणि वरच्या वर्गातली हुशार पोरं आमच्या बाकांवर. साहेब खूश, वर्ग पास! मी म्हणालो, "म्हणजे मामाचा पेपर दुसऱ्याच पोरांनी लिहिला." डॉक्टर हसले. मामा हसला नाही.

"माझे डोळे?" त्यानं विचारलं.

"साखरेनं भिंग फुगतं. साखर उतरली की नजर बहुतेक येईल. पण डोळ्यांचा पडदा तपासल्याशिवाय शब्द देणार नाही. आणखी उशीर केला असतात तर बेशुद्ध होऊनच आला असतात."

इन्शुलिन सुरू झालं. पडदा शाबूत निघाला, पण नजर काही येईना. मामा रोज दुकानात जाई, ते कापड उलगडी, खडूनं एक रेघ मारी, बघत बसे आणि ब्रशनं झाडून टाकी. गिऱ्हाईक विचारून गेलं. पँटवाल्यानं त्याला सांगितलं, "कोटाचं कोटवाल्यांना विचारा," आणि हळूच पुढे म्हणाला, "पण थांबा थोडं."

लग्न तोंडावर आलं तेव्हा मामानं मला बोलावून घेतलं. रेघ मारली. बराच वेळ बघितली. मग आयुष्यात पहिल्यांदा पलीकडच्या टेबलाकडे वळला.

"ए पँटवाल्या, इकडे ये. किती रेघा आहेत?"

"एक."

"मलाही एकच दिसतेय. तरी तू इथंच उभा राहा."

कात्री कापडात शिरली. बाही रेघेबरहुकूम सुटी झाली.