सत्तर टक्के दमट

"हवेला तहान लागली की ती आधी सूत पिते, मग माणूस," असं बाबुराव तावडे एकदा म्हणाले होते. समोर मुकादम होता. गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटात त्याला ते ऐकू गेलं नाही, आणि बाबुरावांनीही पुन्हा सांगितलं नाही.

परळच्या त्या कापडगिरणीत हवा दमट ठेवणं हे त्यांचं काम. हवा सुकली की धागे तटातट तुटायचे. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचं वय सदतीस होतं, आणि दमट हवेचं गिऱ्हाईक मुंबईत दुसरं कोणी नव्हतं. मग वीस वर्षं त्यांनी एका इस्पितळात ऑक्सिजनची नळकांडी ढकलली.

पुढे गिरणीच्या उरलेल्या कोपऱ्यात पुष्कर नावाच्या एका तरुणाने हॉटेल काढलं. तळघरात परदेशी वाईन ठेवली. हवा कोरडी झाली की बाटलीचं बूच आटतं, वारा आत शिरतो आणि वाईन बिघडते. म्हणून तिथे हवा सत्तर टक्के दमट हवी. कोणाकडून तरी नाव ऐकून पुष्कर लालबागच्या चाळीत आला, आणि बाबुराव त्याच इमारतीत, त्याच कामावर रुजू झाले. तळघराच्या मधोमध त्यांनी एक सुती दोरा टांगला. ताठ झाला तर हवा कोरडी. सैल लोंबला तर ठीक.

"एक दिस तुमकाच बुरशी येतली," त्यांची बायको नलू म्हणायची.

"येवंदे," बाबुराव म्हणायचे.

तळघरातल्या सगळ्या बाटल्या एकाच डोंगरातल्या, एकाच घराण्याच्या. भिंतीवर त्या डोंगराचा फोटो होता. उभा चढ, त्यावर दगडी बांधांच्या पायऱ्या, पायरीवर द्राक्षाच्या वेली, वर बर्फ. बाबुरावांना बांध ओळखीचे वाटले. गावी त्यांच्या आजाने असेच दगडावर दगड ठेवून गडगे घातले होते. तिथे नाचणी यायची, तीही नाखुशीने.

एकदा पुष्करने त्यांना घोटभर पांढरी वाईन दिली. "कशी आहे, काका?"

बाबुरावांनी वेळ घेतला. "ओढ्यातला गोटा चोखून वर कैरी खाल्ल्यासारखी."

पुष्करने ते इंग्रजीत करून मेन्यूत छापलं. लोकांना आवडलं. मेन्यूत बाबुरावांचं नाव नव्हतं, कैरीच्या झाडाचंही नव्हतं.

या वर्षी मशीन आलं. ते थंडावाही देणार होतं आणि ओलही. महिनाभर नीट चाललं, की बाबुरावांचं काम संपणार होतं. हे पुष्करने त्यांना चहा पाजून सांगितलं.

आठव्या दिवशी दोरा ताठ झाला. अकराव्या दिवशी बोट लावताच तुटला.

"हवा सुकलीये," बाबुराव म्हणाले.

"काका, ॲप बघा ना. सत्तर दाखवतंय."

"मोजायचं यंत्र मशीनच्या तोंडाशी बसवलंय. ज्याच्या तोंडात पाणी, तो कशाला म्हणेल तहान लागली?"

"तुम्हाला मशीन नकोच आहे. समजू शकतो मी."

बाबुरावांनी आणखी दोनदा सांगितलं. मग गिरणीत करायचे तेच केलं. गोणपाटं भिजवून तळघरभर टांगली. पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा खालच्या फळ्यांवरच्या बाटल्या वर आणि वरच्या बाटल्या कोपऱ्यात, अशा एकेक करून, कुठली कुठे ते लक्षात ठेवून हलवल्या. नवा दोरा बांधला. दोन दिवसांत तो सैल झाला. पुष्कर वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या तयारीत होता. त्या डोंगरावरची मालकीणबाई स्वतः येणार होती.

शनिवारी दुपारी बाई आली, तळघरात उतरली. गोणपाटं पाहून थांबली. एक बाटली उघडून घेतली. बूच दाबून पाहिलं, ते मऊ होतं. घोट घेतला, डोळे मिटले आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" बाबुरावांनी विचारलं.

"घरी प्यायल्यासारखी आहे म्हणते," पुष्कर म्हणाला. मग त्याने फळीवर हात फिरवला आणि हाताला ओला कागद चिकटून आला. सगळी लेबलं ओलीने सुटली होती. काही खाली पडली होती, काहींना बुरशी आली होती. दोनशे बाटल्या, सगळ्या हिरव्या, सगळ्या बोडक्या.

बाईला वर जेवायला बसवून पुष्कर परत आला.

"काय केलंत हे? लेबल नसलेली बाटली कोणासमोर ठेवू मी?"

"वाईन चांगली आहे."

"वाईन कोण बघतंय, काका! उद्यापासून येऊ नका."

बाबुराव गोणपाटं उतरवून घड्या घालायला लागले. पुष्कर फळ्यांसमोर उभा राहिला. अर्ध्या बाटल्या डोंगराच्या खालच्या मळ्याच्या, अर्ध्या अगदी बर्फाखालच्या, दुप्पट मोलाच्या. त्याच्या यादीत फळ्यांचे नंबर होते. बाटल्या आता त्या फळ्यांवर नव्हत्या. नाव बुचावर होतं, पण ते बघायला बाटली उघडावी लागते.

"काका," तो जरा वेळाने म्हणाला. आवाज वाईन चाखायला दिली होती तेव्हाचा होता. "वरच्या मळ्यातल्या कुठल्या? तुम्हीच ठेवल्यात ना?"

बाबुरावांनी फळ्यांकडे पाहिलं. पहिल्या बाटलीपासून शेवटच्या बाटलीपर्यंत, सावकाश, नजर कुठेही न अडखळता. मग फोटोकडे पाहिलं. घडी घातलेली गोणपाटं कोपऱ्यात नीट रचली, स्टूलावर चढून दोरा सोडला, बोटाला गुंडाळून खिशात ठेवला.

"काका, तुमच्याशी बोलतोय."

बाबुराव स्टूलावरून उतरले, स्टूल जागेवर सरकवलं आणि पायऱ्या चढून बाहेर गेले.