घराच्या आधी पोचणारी धुरपता

धुरपताचं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थाने तिच्या बापाला, पुंडलिकरावांना, दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. मुलगा सरकारी नोकरीत आहे आणि राहायला सरकारी घर आहे. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या. ते घर एका जागी उभं असतं का, हे पुंडलिकरावांनी विचारलं नाही. पवनीकडच्या धानाच्या बांध्यांत ज्याचं आयुष्य गेलं, त्याला असला प्रश्न सुचावा तरी कसा?

जावई इश्वर रस्त्याच्या कामावरचा रोलर चालवायचा. रोलरच्या मागे आकड्याला जोडलेला, लोखंडी चाकांवर बसवलेला पिवळ्या पत्र्याचा डबा, हेच ते सरकारी घर. एक दार, एक खिडकी, आत एक बाक, दाराशी लोखंडी पायऱ्या. रस्ता उखडेल तिथे रोलर जायचा आणि रोलर जाईल तिथे घर. १९७४ च्या हिवाळ्यात धुरपता त्या पायऱ्या चढली तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती.

महिन्याभराने पुंडलिकराव लेकीचा संसार बघायला आले. भंडाऱ्याच्या बाजारातून खास घेतलेला पितळी तांब्या त्यांच्या पिशवीत होता. त्यांनी डब्याला एक फेरी मारली, वाकून चाकं पाहिली, एका चाकाला पायाने ढोसलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"हे घर हाय? अवो, घर म्हन्तात का याले? बंडी हाय हे, बिनबैलाची!"

"बाबा, आत तं या. पानी घ्या."

"चाकावरच्या घरचं पानी मी पेत नाई. घर जमिनीवर ठेव, मंग येतो."

तांब्या पायरीवर ठेवून ते आल्या पावली परत गेले. धुरपता दिवसभर रडली. मग तिने डोळे पुसले, तांब्या चिंचेने घासून लख्ख केला आणि फडक्यात बांधून बाकाखाली ठेवला. या तांब्यातलं पहिलं पाणी बाबाच पितील, असं तिने इश्वरला सांगून टाकलं. इश्वरने मान डोलावली. तो गरीब स्वभावाचा माणूस होता आणि त्याचे कान रोलरच्या आवाजाने तसेही अर्धे गेले होते.

पोरगी हिकमती. पहिल्या महिन्यात तिने डब्याच्या आत मातीची चूल घातली. पुढच्या मुक्कामाला जाईपर्यंत हादऱ्यांनी तिचा भुगा झाला आणि पीठ, मीठ, तिखट सगळं एक झालं. तेव्हापासून तिने भांडी टांगायला खिळे ठोकले, डबे सुतळीने आवळले आणि चूल बाहेर आणली. जिथे मुक्काम तिथे नवी चूल. काळी माती, त्यात धानाच्या पेंढ्याचं बारीक तणस, पायाने मळायची आणि दगडांभोवती थापायची.

रोलरची चाल म्हणजे काय सांगावी! गाभण म्हैस त्याच्या पुढे निघून जाई. त्यामुळे मुक्काम हलवायच्या दिवशी धुरपता घरात बसतच नसे. लेक झाल्यावर लेकीला कडेवर घेई आणि पायी पुढे निघे. नव्या जागी पोचून ती माती मळे, चूल घाली, आणि तिचं घर मागून येई, फटफट करत, धूर सोडत. घराच्या आधी घरी पोचणारी बाई सबंध भंडारा जिल्ह्यात ती एकटीच असेल.

गावोगावच्या बाया तिला बघायला यायच्या. एकीने तोंडाला पदर लावून विचारलं, "काहो, तुमी झोपल्यावर घर पळून गेलं तं?"

"पळू द्या ना," धुरपता म्हणाली. "पायी चालत गेली तरी गाठीन मी त्याले."

पण मुक्काम सोडताना मात्र तिचा जीव कासावीस व्हायचा. घातलेली चूल रिकामी टाकून जाणं तिच्या जिवावर यायचं. म्हणून निघण्याआधी ती चूल सारवून काढायची आणि तिच्यात वाळक्या काड्यांची एक मोळी ठेवायची. येईल त्याच्या कामी येईल. गुराखी, खडी फोडणाऱ्या बाया, वाटसरू, कोणीही. कोणी सांगितलं नव्हतं तिला हे. मला विचाराल तर या बाईचा मोठेपणा कळायला ती एक मोळी पुरेशी आहे.

दिवाळीला ती माहेरी जायची. बाबा बोलायचे, नातीला खांद्यावर घेऊन हिंडायचे, पण घराचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे. माय, कुंताबाई, समजूत घालून थकली. मग एका वर्षी इश्वरला भंडाऱ्याच्या वर्कशॉपात काम मिळायची संधी आली. सोबत एक खोलीही होती, पक्क्या भिंतींची.

"आता तं मामाजी येतीन," इश्वर सासऱ्याबद्दल खुशीत म्हणाला.

धुरपताने चुलीत काडी सारली. "येतीन," ती म्हणाली. "पन खोलीत येतीन. माह्या घरी नाई येनार. मले थे माह्या घरी आले पायजेत."

इश्वरने संधी सोडली. तांब्या फडक्यातच राहिला.

खाणीच्या गावाला, चिखल्याला, जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं ते १९७९ च्या पौषात. मुक्काम हलवायचा दिवस होता. गोबरवाहीच्या पुढे, मोहाच्या झाडाखाली धुरपता घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून माती मळत होती. लेक दगड गोळा करत होती. रस्त्याने एक म्हातारा येताना दिसला. पायात धुळीने भरलेल्या वहाणा, डोक्यावर पांढरं मुंडासं. चाल तिने ओळखली.

"बाबा? माय बरी हाय ना?"

"बरी हाय. तिले कायले काय होते?" पुंडलिकराव दगडावर टेकले. धापा टाकत होते. "चिखल्याले तुया काकाकडं नवे तांदूळ घेऊन जाऊन राहिलो होतो. खानीचा रिकामा ट्रक भेटला, त्याच्यावर बसलो. वाटेत काल ट्रक बंद पडला. आमी चार मानसं, एक बाई, दोन लेकरं. भुकेनं लेकरं रडू लागली. तं रस्त्याच्या बाजूले आंब्याखाली चूल दिसली. सारवलेली. आत काड्या."

धुरपताचे पाय मातीतच थांबले.

"मी माह्याजवळचे तांदूळ काढले, ड्रायव्हरनं भात शिजवाले गंज देला. सगळे पोटभर जेवलो. म्या म्हनलं, ज्या बाईनं चूल ठेवली तिचं भलं होवो, तिच्या मायबापाचं भलं होवो. तं पानी द्यायले आलेली गावची बाई हासून म्हन्ते, रोलरवाल्या धुरपताबाईची चूल हाय, मांगच्या हप्त्यापर्यंत इथंच होती, मंग पुढं गेली." म्हाताऱ्याने मुंडाशाच्या शेवाने तोंड पुसलं. "तुया चुलीवरचं जेवून बसलो मी, पोरी. आता पानी कायले नाकारू? दे."

धुरपताने इकडे तिकडे पाहिलं आणि तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

"बाबा, तांब्या घरात हाय. घर अजून आलंच नाई!"

"माहीत हाय मले. वाटेत भेटलं थे. जावई म्हने, बसा. म्या म्हनलं, तुमच्या घरापेक्षा मी पायी लौकर पोचतो."

कोरडा घसा घेऊन म्हातारा उठला. गावातून कोणाकडूनही पाणी मागून आणता आलं असतं, धुरपता निघालीही होती, पण त्याने हाताने अडवलं. धोतर खोचलं, वहाणा काढल्या आणि लेकीशेजारी उभा राहून माती मळू लागला.

ऊन कलायला लागलं तेव्हा दुरून फटफट ऐकू आली. इश्वरने रोलर थांबवला आणि सासऱ्याचे मातीने भरलेले पाय बघून तो उतरायचंच विसरला. धुरपता धावत पायऱ्या चढली. तिने फडकं सोडलं, माठातलं पाणी पितळी तांब्यात ओतलं आणि दारात येऊन हात पुढे केला.

पुंडलिकरावांनी तांब्या घेतला नाही. त्यांनी पायरीशी पाय धुवायला पाणी मागितलं, पाय स्वच्छ धुतले, कठड्याला धरून एकेक पायरी चढले आणि डब्यात जाऊन बाकावर बसले.

"आता दे," ते म्हणाले.