भोंगामामाचा अर्धा सलाम

आमच्या मामाला गाव भोंगामामा म्हणायचं, आणि मामा गावाला जे म्हणायचा ते इथे छापता येणार नाही.

मामा सैन्यात बिगुल वाजवायचा. बंदूकही होती त्याच्याकडे, पण ती पुसायला. नोकरी संपवून परत आला तो छातीवर दोन बिल्ले आणि बगलेत पितळी बिगुल घेऊन. गावाला मात्र शूरवीर हवा होता. नदीपलीकडच्या गावात युद्धात पाय गमावलेला एक सैनिक होता आणि आमच्या वाट्याला दोन्ही पाय शाबूत असलेला मामा आला होता. केवढी ही नामुष्की! ती नगराध्यक्षांनी स्वतःच्या जिभेनं भरून काढली. दरवर्षी स्वातंत्र्यदिनाला ते मामाला शाळेच्या पटांगणात खुर्चीवर बसवत आणि माइक हातात घेऊन सांगत, "गोळ्यांच्या वर्षावात ज्यांनी बिगुल फुंकला, तेच हे!" फुंकण्याबद्दल बोलण्याचा त्यांना अधिकार होता. नगरपालिकेची तिजोरी त्यांनी स्वतःच फुंकली होती.

खरी हकिगत अशी की, लढाई सुरू झाली त्याच दिवशी साहेबांनी हुकूम काढला, बिगुल बंद. शत्रूला तळाचा पत्ता लागेल. मग या रिकाम्या माणसाचं करायचं काय? पाठवा भटारखान्यात. अख्खी लढाई मामानं बटाटे सोलले.

भटारखान्याचा मुख्य आचारी आमच्याच गल्लीतला, मामापासून चार दारं पलीकडचा. बिगुलवाल्यांवर त्याचा जुना राग होता. जगाला उठवल्याचं श्रेय हे घेणार आणि जगाच्या आधी उठून चूल पेटवणार तो! मामाचे बटाटे बघून तो म्हणाला, "साल काढतोयस की बटाटा काढतोयस?" मामा म्हणाला, "तू शिजवल्यावर दोन्हींची चव एकच लागते." इथून जी मैत्री सुरू झाली ती मरेपर्यंत याच भाषेत चालली.

घरात मामा म्हणजे छावणीच. पहाटे अंगणात उभा राहून बिगुल फुंकायचा. गाय बिचकायची, शेजारचा शिंपी शिव्या घालायचा आणि तिन्ही मुली पांघरुणात डोकं खुपसायच्या. अंथरुणाच्या घड्या अशा लागायच्या की त्यांच्या कडेनं दाढी करावी. मामी म्हणायची, "मुलगा सैन्यात आहे म्हणून लगेच हो म्हटलं. वाजंत्रीवाला आहे असं सांगितलं असतं तर चार दिवस विचार तरी केला असता!" मुलींनी पुढे सूड उगवला. तिघीही सासरी सूर्य माथ्यावर येईपर्यंत झोपतात, आणि सासवांना सांगतात, "लहानपणची झोप राहिलीय."

म्हातारपणी मामाचे दात गेले आणि कवळी आली. कवळीनं चपाती चावता येते, बिगुल फुंकता येत नाही. ओठांमागे पक्के दात नसले की सूर धरत नाही. बिगुल कपाटावर गेला. शिंप्यानं त्या आनंदात मामाची एक विजार फुकट शिवून दिली. विजार आखूड झाली, ते सोडा.

दोघे म्हातारे संध्याकाळी आचाऱ्याच्या ओट्यावर बसून एकमेकांचा उद्धार करायचे. मग आचारी आजारी पडला आणि त्यानं खाट धरली. एकदा मामाबरोबर मीही त्याला बघायला गेलो होतो.

"ऐक," आचारी म्हणाला, "मी गेलो की तो नगराध्यक्ष येईल."

"येणारच. गर्दी दिसली की येतोच तो."

"भाषण ठोकेल. त्याच्या आधी तू शेवटचा सलाम वाजवायचा. बिगुलावर."

"दात नाहीत मला."

"होते तेव्हा तरी कुठे धड वाजवत होतास? पण वाजवायचास तूच. दुसऱ्या कुणाला आणलंस तर उठून बसेन."

"वाजवीन," मामा म्हणाला. घरी आल्या आल्या बिगुल खाली काढला.

शेवटचा सलाम म्हणजे सैनिकाला निरोप देताना वाजवायची धून. लांब, संथ, एकेक सूर ताणून धरायचा. भल्याभल्यांचा घाम काढते. मामाच्या पहिल्याच फुंकीला बिगुल गप्प राहिला आणि कवळी तेवढी बाहेर आली. मग त्यानं ती चिकटवायची पेस्ट आणली. ती एवढी थापली की सूर निघेना आणि कवळीही निघेना. मामीनं कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावून त्याला सोडवलं. तेव्हापासून तो न्हाणीघरात दार लावून रियाज करायला लागला.

शिंपी भिंतीपलीकडून विचारायचा, "वहिनी, गाय अडलीय का हो? डॉक्टरला बोलावू?"

"गाय बरी आहे," मामी म्हणायची, "हा तिचा मालक आहे."

आवाज चार दारं पलीकडे खाटेवरही पोचत होता. आचारी बायकोला म्हणाला, "हा माझ्या आधी मरणार असं वाजवतोय." पण खिडकी लावू देईना.

एका सकाळी आचारी गेला. गल्लीत माणसं जमली. जुने दोन सैनिक परगावाहून आले. नगराध्यक्ष आले ते टेम्पोत लाउडस्पीकर घालूनच. मामा इस्त्रीच्या कोटात बिगुल घेऊन उभा होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मामा, या वयात कशाला त्रास? सलामाचं रेकॉर्डिंग आणलंय. शहरातल्या मोठ्या पथकाचं आहे."

"ते पथक याच्या हातचं जेवलंय का?"

"नाही, पण..."

"मग बाजूला व्हा."

मामानं बिगुल ओठाला लावला. पहिला लांब सूर निघाला, थरथरला आणि मध्येच फाटला. कवळी सरकली होती. त्यानं ती जिभेनं बसवली, पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नुसती हवा. लोक आपापल्या चपलांकडे बघायला लागले. नगराध्यक्षांनी लाउडस्पीकरवाल्याला बोटानं खूण केली.

मामानं ती खूण पाहिली. त्यानं कवळी काढली, कोटाच्या खिशात घातली, ओठ आत ओढून हिरड्यांवर घट्ट धरले आणि फुंकला. या वेळी बिगुल वाजला! खणखणीत, तुटक, उड्या मारत. गल्लीभर घुमला.

फक्त तो शेवटचा सलाम नव्हता. लांब सूर त्याच्या बोळक्यात राहतच नव्हते, म्हणून राहिले तेवढे आखूड सूर घेऊन त्यानं जेवणाचा बिगुल वाजवला होता. छावणीत दुपारी वाजतो तो. अर्थ एवढाच की जेवण तयार आहे, ताटं घेऊन या. लहानपणी आम्हा भाचरांना अंगणातून जेवायला बोलावताना मामा हाच वाजवायचा, म्हणून मला कळला. नगराध्यक्षांना कसा कळावा? त्यांनी मान खाली घातली, हात छातीवर ठेवला आणि डोळे टिपले. त्यांच्यामागे पालिकेचे सगळे सभासद माना घालून उभे. ‘या जेवायला’ या आमंत्रणाला इतक्या गांभीर्यानं कुणी कधी उभं राहिलं नसेल, आणि खाण्यात त्या मंडळींचा हात धरणारंही दुसरं कुणी नसेल. परगावच्या दोन सैनिकांच्या मिशा थरथरत होत्या. नगराध्यक्षांना वाटलं, रडताहेत.

आचाऱ्याची बायको उंबऱ्यात बसली होती. तिची उमर छावणीच्या क्वार्टरांत गेलेली. ती मामीला म्हणाली, "जेवणाचा बिगुल वाजलाय आणि हा माणूस जागचा हलला नाही, असं आज पहिल्यांदाच बघतेय." तोवर ती रडली नव्हती. मग रडली.

नगराध्यक्ष मामापाशी आले. "काय ती धून! काळीज पिळवटलं. आता दरवर्षी हीच वाजवायची."

मामा बोळक्या तोंडानं म्हणाला, "वाजवा. मग लोकांनी ताटं मागितली तर वाढायला तुम्ही."

त्या बोळक्यातला एक शब्दही त्यांना कळला नाही. त्यांनी हात जोडले आणि भाषणाला उभे राहिले.

सगळं आटोपल्यावर मी मामाला घेऊन आचाऱ्याच्या ओट्यावर टेकलो. लोक पाठ थोपटून जात होते, मामा खाली बघत होता. आचाऱ्याची बायको पाणी घेऊन आली.

"वहिनी, शब्द दिला होता मी त्याला," मामा म्हणाला. "सलाम नाही झाला माझ्यानं. भलतंच वाजवून बसलो."

"बरं झालं, भावजी. सलाम वाजला असता तर ह्यांना कळलाही नसता. दर वेळी हातात कणीक नाहीतर पळी. सलाम करायला ह्यांचा हात रिकामा होता कधी?"

मामानं खिशातून कवळी काढली, पाण्यानं खळबळली आणि बसवली.

"रिकामा असता," तो म्हणाला, "तरी मला केला नसता बेट्यानं."

आणि दिवस मावळेपर्यंत तो तिथून उठला नाही.