हुंगलेलं ऑर्किड

आमच्या घरात फूल हुंगायची चोरी होती. वडील काशीच्या अहिल्याबाई घाटावर यात्रेकरूंची धर्मकृत्यं करायचे, घरात देवांचा पसारा मोठा, आणि हुंगलेलं फूल देवाला चालत नाही हे दूधविनायकातल्या आमच्या मराठी घरांत शेंबड्या पोरालाही ठाऊक. आईनं जन्मभर बेल्याचे, म्हणजे आपल्या मोगऱ्याचे, हार गुंफले ते मान एका बाजूला वळवून. लहानपणी मी एकदा कळी नाकाशी नेली, तर तिनं माझ्या हातावर फटका दिला होता. मी तेव्हाच विचारलं होतं, की देवाला वास हवा आणि आम्हाला का नको?  

म्हणून मॉलमधल्या दुकानात तिनं जे केलं ते पाहून मी चाटच पडले. चादरी घ्यायला गेलो होतो. पैसे द्यायच्या जागेजवळ जांभळ्या ऑर्किडच्या कुंड्या मांडल्या होत्या. आई थांबली, वाकली आणि चारचौघांत एका फुलात नाक खुपसून तिनं लांब श्वास घेतला. मग खदखदून हसली.

"अगं, वासच नाही याला!"

"मग ठेव ना."

"छे! हेच घ्यायचं. आणि मी हुंगलंय हं. आता कुणाच्या बापाला देवाला वाहता यायचं नाही."

हे भटजींच्या बायकोनं म्हणावं! रिक्षात कुंडी मांडीवर घेऊन ती घरापर्यंत हसत होती.

घरी अर्थातच कपाळाला आठ्या. वडील म्हणाले, "घरात टोपलीभर फुलं येतात, त्यात हा नवीन बवाल कशाला?" गल्लीच्या तोंडाशी राहणारी आत्या मुद्दाम बघायला आली आणि म्हणाली, "प्लास्टिकचं दिसतंय." आई म्हणाली, "असू दे. माझं आहे." माझं, हा शब्द मी तिच्या तोंडून कपाटाबद्दलसुद्धा ऐकला नव्हता. माकडांच्या भीतीनं कुंडी वरच्या मजल्यावर खिडकीच्या जाळीआड ठेवली. नवी कळी उमलली की चहाच्याही आधी आई वर जायची आणि तिला हुंगून यायची. वास नसलेलं फूल रोज हुंगणारी बाई काशीत दुसरी नसेल.

त्याच वर्षी आषाढात आई गेली. फुलं त्याआधीच गळून गेली होती, पानं तेवढी राहिली होती. तेरावं झालं, मी पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागले. आईचं म्हणावं असं घरात ते एकच होतं. बाकीच्या तिच्या वस्तू म्हणजे देवाची भांडी आणि आमची भांडी. ते झाड मी मरू देणार नव्हते. पाणी बेतानं घालत होते, ऊन बघत होते. तरी पानं पिवळी पडून लोंबायला लागली. बुडाशी मुंग्या लागल्या. मला काही कळेना.

एका रविवारी सकाळी वर गेले तर वडील खिडकीशी उभे. हातात पूजेचं ताम्हन, आणि त्यातलं अभिषेकाचं पाणी ते ऑर्किडच्या कुंडीत ओतत होते. दूध, दही, मध, साखर, सगळं त्यात. ते पाणी पायदळी जाऊ नये म्हणून तुळशीला घालायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. तुळशीला माती असते, ती पचवते. ऑर्किडला कुठली माती? त्याच्या मुळांना वारा लागतो.

"बाबा! रोज घालता हे?"

"रोज. का?"

"झाड कुजतंय त्यानं!"

"तीर्थानं झाड मरतं म्हणतेस? शिकलीस त्याचं हेच फळ?"

"मरतं! बघा डोळ्यांनी!"

ताम्हन हातात तसंच. मग हळू आवाजात म्हणाले, "तिच्या झाडाला देवाचं काही मिळावं, एवढंच गं. मी तिला दुसरं काय देणार आता?"

मला रडू आलं. पण राग त्याहून मोठा होता. "जन्मभर तिनं देवाचंच केलं. एवढं एक देवाचं नाही म्हणून आणलं होतं. तेवढं तरी तिचं राहू द्या," मी म्हणाले, आणि कुंडी उचलून खाली अंगणात आणली.

आत्या नेमकी आलेली. "गंगेची माती घाल, सोनं पिकेल," म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, तू फक्त बघ."

झाड उपसलं तर आंबलेल्या दुधाचा भपकारा. दुकानवाल्यांनी मुळांच्या मधोमध शेवाळाचा घट्ट गोळा कोंबलेला असतो, तो सगळं पंचामृत पिऊन बसला होता. बोटांनी तो काढला. कात्री गॅसवर तापवून घेतली आणि मऊ, पोकळ झालेली मुळं एकेक कापत गेले. आत्या "अगं, ठेव काही, ठेव काही!" करत होती. कुजलेलं ठेवून काय लोणचं घालायचंय? कापलेल्या जागी बुरशी धरू नये म्हणून दालचिनीची पूड लावली. आणि तेव्हा कळलं, की झाड एक नव्हतंच. कुंडी भरलेली दिसावी म्हणून दोन रोपं एकात ठासली होती, मुळांत मुळं अडकलेली. सावकाश सोडवली. एकाला बरी मुळं उरली, दुसऱ्याला नावापुरती.

नारळांना आमच्याकडे काय तोटा! त्यांच्या शेंड्या धुऊन, पिंजून घेतल्या. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला. मोठं रोप भोकाभोकांच्या कुंडीत बसवलं, धाकटं लस्सीच्या मातीच्या पुरव्यात, तळाला भोकं पाडून. वडील दारात उभे राहून सगळं बघत होते. "देवाच्या नारळाच्या शेंड्या चालतात वाटतं तुला," एवढंच म्हणाले.

"त्या धुतल्यात," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ताम्हन तुळशीकडे गेलं. पण बोलणं कमी झालं. जेवताना वाढ, पुरे, एवढंच. मी माघार घेतली नाही. मुली शेवटी नमतं घेतात, असं आत्या दोनदा सुनावून गेली. घेत असतील.

धाकट्यानं थंडीभर नुसता जीव धरून ठेवला. मोठ्यानं मात्र एक नवं पान काढलं, मग हिरवट टोकाचं मूळ, आणि पुढच्या थंडीत दांडा. चैत्र लागला तेव्हा दांडा फुलांनी जांभळा झाला होता.

त्या सकाळी वडील पूजेची परडी घेऊन वर खिडकीशी आले. परडीत ताजा बेला. ऑर्किडकडे बघून म्हणाले, "एक देवाला देऊ या? तिच्या नावानं?"

"नाही."

"एकच."

मी वाकले, आणि त्यांच्यादेखत दांड्यावरचं प्रत्येक फूल हुंगलं. शेवटचं तर डोळे मिटून.

वाटलं, आता तोंड फिरवून निघून जातील. पण त्यांनी परडी खिडकीत ठेवली, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि एका फुलाला नाक लावलं. ऐंशीच्या घरातला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा.

"वास तर काहीच नाही गं."

"नाहीच."

"मग ती रोज काय हुंगायची?"

"हुंगायला मिळतं, म्हणून."

ते सावकाश सरळ झाले. परडीतला एक टपोरा बेला उचलून त्यांनी नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"हा हुंगायला हवा होता तिनं," ते म्हणाले. "एकदा विचारलं होतं तिनं. मी नको म्हणायला नको होतं."

तो बेला त्यांनी ऑर्किडच्या कुंडीत ठेवला, आणि उरलेली परडी घेऊन पूजेला खाली गेले.